जुन्या फटफटीची ठिणगी

ज्या घरांत तीस-चाळीस वर्षें एखादी बुलेट फटफटी नांदत आली आहे, त्या घरांत अलीकडे एक वाद हटकून ऐकूं येतो. ज्यांनीं हौसेनें गाडी घेतली ते थोरले काका आतां गुडघ्यांमुळें ती फारशी चालवीत नाहींत. पुतण्या किंवा पुतणी ती हातीं घेण्यास उत्सुक असते, आणि एखाद्या जुलै महिन्यांत तिच्यावर बसून मनालीहून लेहपर्यंत जाण्याचा बेतही मनांत शिजत असतो. “काका, ते पॉइंट काढून टाकूं आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवूं,” असें नव्या पिढीचें म्हणणें. “अरे, याच पॉइंटांवर मी कन्याकुमारीस जाऊन आलों,” हें जुन्या पिढीचें उत्तर. काकू दोघांनाही चहा देतात आणि “गाडी वाटेंत बंद पडली तर ती चालू कोण करणार, तेवढें सांगा,” असें विचारतात. वास्तविक या तिघांत मुद्द्याचें बोलतात त्या काकूच.

कारण काका आणि पुतण्या बहुधा ठिणगी अधिक जोरदार कोणाची यावर भांडत असतात, आणि त्या भांडणांत फारसें तथ्य नाहीं हें पुढें दिसून येईल. गाडी बंद पडलीच तर ती कशी पडेल, हळूहळू कुरकुरत कीं एकाएकीं, आणि त्या वेळीं तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला ती आपल्या हातानें चालू करतां येईल कीं नाहीं, यावर ही निवड अवलंबून असावी असें आम्हांस वाटतें.

बुलेट ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९३२ सालीं हें नांव प्रथम वापरांत आलें. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि पुढें कांहीं वर्षांत गाडीचे सर्व भाग येथेंच तयार होऊं लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील उत्पादन थांबलें, तरी मद्रासची बुलेट जवळजवळ त्याच बांध्यानें निघत राहिली. ओतीव लोखंडी सिलिंडरचें तें जुनें इंजिन कारखान्यानें २००९-१० च्या सुमारास बंद केलें. या लेखांत बुलेट म्हणजे तीच जुनी, ३४६ घनसेंटिमीटरची. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, आणि शक्ति अवघी १८ अश्वांची. आजच्या गाड्यांशीं तुलना केली तर हे आंकडे फार लहान वाटतील. परंतु लांब धांवेचें, सावकाश फिरणारें हें इंजिन दोन माणसें व त्यांचें सामान घेऊन दिवसभर एका चालीनें जाऊं शकतें, म्हणूनच प्रवासी मंडळींचा तिच्यावर एवढा लोभ.

आतां ठिणगीकडे वळूं. बॅटरीची वीज सहा किंवा बारा व्होल्टची असते. प्लगच्या टोंकाशीं जी सुमारें अर्ध्या मिलिमीटरची फट असते, ती ओलांडून जाण्यास मात्र कांहीं हजार व्होल्ट लागतात. ही उडी घडवून आणण्याची युक्ति अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठीं सिद्ध केली, आणि पुढें साठ-सत्तर वर्षें जगांतील बहुतेक मोटारी तिच्यावर चालल्या. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोंवतीं गुंडाळलेल्या दोन तारा. एक जाड व थोड्या वेढ्यांची, दुसरी केंसासारखी बारीक व हजारों वेढ्यांची. जाड तारेंतून तीन-चार अँपिअर वीज वाहत असतांना ती एकदम तोडली कीं गाभ्यांतील चुंबकत्व कोसळतें आणि बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा धक्का उत्पन्न होतो. तोच प्लगपर्यंत जातो.

वीज तोडण्याचें काम पॉइंट करतात. टंगस्टन धातूच्या दोन लहान टिकल्या एकमेकींस टेंकलेल्या असतात. एक कॅम फिरतांना फायबरच्या एका ठोकळ्याला उचलतो आणि टिकल्या अलग होतात. पुरी उघडली असतां त्यांच्यामधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. तुटणारी वीज टिकल्यांमधूनच ठिणगी होऊन निघून जाऊं नये म्हणून ती क्षणभर आपल्या पोटांत घेणारा कंडेन्सर शेजारीं असतो. याच दांड्यावर दोन लहान वजनें स्प्रिंगांनीं बांधलेलीं असतात. इंजिनाचा वेग वाढला कीं तीं बाहेर फेंकलीं जातात आणि कॅम किंचित् पुढें सरकवितात; त्यायोगें ठिणगी पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वीं अधिक लौकर पडते. मिश्रण जळण्यास लागणारा वेळ वेगाच्या प्रमाणांत कमी होत नाहीं, म्हणून ही लगबग. मिस्त्री लोक तिला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात.

एवढीच ही सारी यंत्रणा. तिच्यांत डोळ्यांस दिसणार नाहीं असें जवळजवळ कांहींच नाहीं, आणि जुन्या मंडळींस तिच्याविषयीं जी आपुलकी वाटते तिचें मूळही यांतच आहे.

परंतु जें दिसतें तें झिजतेंही. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत आहे असें धरलें, तर दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें सेकंदाला २५ वेळां टिकल्या उघडतात. ताशी ६० किलोमीटर वेगानें ३,००० किलोमीटर जाण्यास ५० तास लागतात. तेवढ्या वेळांत ही उघडझांप ४५ लक्ष वेळां होते. प्रत्येक वेळीं टिकल्यांवर किंचित् जळण्याची खूण उमटते. कांहीं दिवसांनीं एका टिकलीवर खळगा व दुसरीवर उंचवटा दिसूं लागतो, कारण एकीचा धातु दुसरीवर जाऊन बसतो. फायबरचा ठोकळा झिजला कीं फट अरुंद होते, टिकल्या उशिरां उघडतात आणि ठिणगी मागें पडते. गाडी तापते, चढावर दम टाकते, पेट्रोल अधिक पिते. हें सारें इतकें सावकाश घडतें कीं रोज चालविणाऱ्यास तें जाणवतही नाहीं, पाहुण्यानें गाडी फिरवून आणली म्हणजे तो सांगतो कीं, “अहो, हिच्यांत जीव नाहीं राहिला.” दर दोन-तीन हजार किलोमीटरांनीं झांकण उघडून फट मोजणें, टिकल्या साफ करणें व कॅमला वंगणाचा एक ठिपका लावणें हें काम काका रविवारीं सकाळीं पेपर वाचण्यापूर्वीं उरकून टाकीत. तें काम करणारा हात घरांत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या बाजूनें जें सर्वांत मोठ्यानें सांगितलें जातें तें मात्र बुलेटला लागू पडत नाहीं. ‘जोरदार ठिणगी, म्हणून अधिक शक्ति’ हें विधान अनेक सिलिंडरांच्या वेगवान इंजिनांवरून उचललेलें आहे. चार सिलिंडरांच्या मोटारींत एकाच पॉइंटाला चौघांचें काम करावें लागतें. मिनिटास ५,६२५ फेऱ्यांवर, म्हणजे जेथें बुलेट आपली कमाल शक्ति देते तेथें, मोटारीच्या पॉइंटास सेकंदाला १८७ वेळां उघडावें लागेल. बुलेटच्या पॉइंटास ४७ वेळांच. मोटारीच्या कॉइलला चुंबकत्व पुरें भरून घेण्यास सवड मिळत नाहीं, म्हणून ठिणगी दुबळी होते. बुलेटच्या कॉइलला भरपूर सवड आहे, आणि सिलिंडरांतील दाबही बेताचा आहे. तिला जेवढी ठिणगी लागते तेवढी पॉइंट देतात. एकदां मिश्रण पेटलें कीं काडीपेटी भारी होती कीं साधी याचा पिस्टनला कांहीं फरक पडत नाहीं.

खरा लाभ निराळा आहे, आणि तो लहान नाहीं. चांगल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्यें टायमिंग सरकत नाहीं. आज लावलेलें टायमिंग दहा हजार किलोमीटरांनंतर तेथेंच असतें. इंजिन मंद गतीवर सरळ चालतें, थंडींत लौकर सुरू होतें, आणि रविवारचें काम उरत नाहीं. कारखान्यानेंही अखेर हाच मार्ग धरला. २००१ सालीं निघालेल्या इलेक्ट्रा मॉडेलांत पॉइंट नव्हते. तेव्हां ‘मूळ तेंच खरें’ असें म्हणणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, मूळच्या कारखान्यालाच पॉइंटांचा मोह राहिला नव्हता.

बाजारांत जे संच मिळतात त्यांचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत, आणि विकणारा तो भेद क्वचितच समजावून सांगतो. एका प्रकारांत पॉइंट जागेवर राहतात. पण कॉइलची तीन-चार अँपिअर वीज तोडण्याचें जड काम ट्रान्झिस्टर करतो व पॉइंटांतून केवळ इशाऱ्यापुरती वीज जाते. त्यामुळें टिकल्या जळत नाहींत. फायबरचा ठोकळा झिजतो तेवढाच, आणि कंडेन्सरची गरज उरत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत पॉइंट जातात. त्यांच्या जागीं चुंबक व त्याची चाहूल घेणारा एक लहानसा तुकडा बसतो, परंतु अ‍ॅडव्हान्सचीं जुनीं वजनें तशींच राहतात. तिसऱ्यांत तीं वजनेंही जातात आणि वेग पाहून ठिणगी किती आधीं टाकावी हें एक सीलबंद डबीच ठरविते. इंग्लंडांतील बॉयर ब्रॅन्सडन कंपनीचे संच जुन्या ब्रिटिश फटफट्यांच्या शौकिनांत फार दिवसांपासून प्रसिद्ध आहेत, ते या तिसऱ्या जातीचे.

यांपैकीं पहिल्या, गरीब दिसणाऱ्या प्रकाराकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्यांत ‘आधुनिक’ म्हणून मिरविण्यासारखें कांहीं नसतें. आमच्या मतें लांबच्या प्रवासास तो सर्वांत शहाणपणाचा आहे. ट्रान्झिस्टर निकामी झाला तर दोन तारा पूर्वीच्या जागीं जोडाव्या, जवळचा कंडेन्सर लावावा आणि पुढें निघावें. गाडी पुन्हा काकांच्या काळांतील होते.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तींत पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. बुलेटमध्यें पॉइंट ज्या दांड्यावर फिरतात तो दांडा टायमिंगच्या बाजूच्या दंतचक्रांच्या मालिकेनें फिरतो. चाळीस वर्षांत त्या चक्रांत ढिलाई येते, आणि दांड्याचें बूशही झिजतें. मग दांडा फिरतांना डुलतो. टिकल्यांची फट एका फेरींत एक व दुसऱ्या फेरींत दुसरी येते, आणि टायमिंग मागें-पुढें नाचूं लागतें. मालक म्हणतो, “पॉइंट वाईट आहेत.” नवीन पॉइंट लावले तरी तोच प्रकार, मग तो चिडून इलेक्ट्रॉनिक संच आणतो. पण नव्या संचाचा चुंबक त्याच डुलणाऱ्या दांड्यावर बसतो! डुलण्याचा उपद्रव थोडा कमी होतो, चक्रांची ढिलाई तशीच राहते, आणि वजनांच्या सैल झालेल्या स्प्रिंगा ठेवल्या असतील तर गाडी थोड्या वेगावरच एकदम अ‍ॅडव्हान्स घेऊन कडकडूं लागते. म्हणून संच विकत घेण्यापूर्वीं झांकण उघडून तो दांडा दोन बोटांत धरावा व आडवा हलवून पाहावा. हालत असेल तर आधीं बूश. त्यानंतर जुने पॉइंट पुन्हा लावून पाहिल्यास नव्या संचाची गरज राहिली नाहीं, असेंही पुष्कळदां घडतें.

किकेच्या उलट्या तडाख्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ठिणगी फार लौकर पडली तर वर येणारा पिस्टन माथ्यावर पोंचण्यापूर्वींच मागें ढकलला जातो आणि किकेचा दांडा पायाला उलटा हाणतो. बुलेटच्या या तडाख्यानें घोटे मुरगळले आहेत, हाडेंही मोडलीं आहेत. घरांतील हलक्या अंगाच्या मुलीनें किंवा गुडघा दुखावलेल्या काकांनीं गाडी सुरू करावयाची असेल तर हाच विचार सर्वांत आधीं केला पाहिजे. पॉइंटांच्या गाडींत याचें कारण बहुधा चुकीनें पुढें लावलेलें टायमिंग किंवा गंजून बाहेरच अडकलेलीं वजनें हें असतें. तिसऱ्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक संचांत वजनांची भानगड नसते, त्यामुळें निर्धोक सुरुवात होते. परंतु बॅटरी उतरलेली असल्यास कांहीं संचांचें टायमिंग बिघडतें आणि नेमक्या त्याच वेळीं तडाखा बसतो. कित्येक संच ठराविक व्होल्टेजखालीं कामच करीत नाहींत, उलट पॉइंट अर्धमेल्या बॅटरीवरही एखादी फिकी ठिणगी देऊन जातात. ज्याची गाडी पंधरा-पंधरा दिवस दारांत उभी असते त्यानें हें विसरूं नये.

याच संदर्भांत बुलेटच्या अँपिअर-मीटरची आठवण होते. जुने बुलेटस्वार किक मारण्यापूर्वीं त्याच्या कांट्याकडे पाहत. पॉइंट मिटलेले असले कीं कॉइल वीज ओढते व कांटा एका बाजूस झुकतो. किक हळूच खालीं दाबीत गेलें कीं पिस्टन माथ्याशीं येतो, पॉइंट उघडतात आणि कांटा मध्यावर येतो. मग डीकॉम्प्रेसरची मूठ ओढून पिस्टन किंचित् पुढें न्यावयाचा, मूठ सोडावयाची, आणि एकच पुरी किक. हा सारा विधि कांट्याच्या भरंवशावर चालत असे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक संचांत गाडी उभी असतांना कॉइल वीज ओढीत नाहीं, त्यामुळें कांटा मुका होतो आणि पिस्टन कोठें आहे हें पायाच्या अंदाजानेंच ओळखावें लागतें. नव्या शिकणाऱ्यास ही अडचण वाटेल. मात्र एक चांगलेंही होतें. पॉइंट मिटलेले असतांना किल्ली चुकून चालू राहिली तर जुन्या व्यवस्थेंत कॉइल तापून बॅटरी उतरते. नव्या व्यवस्थेंत तें संकट बहुधा टळतें.

आतां लेहच्या बेताकडे. मनालीच्या पुढें तांदी येथील पेट्रोल पंपावरची पाटी वर्षानुवर्षें प्रवाशांच्या छायाचित्रांत दिसत आली आहे: पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर. जेथें पेट्रोलची ही कथा, तेथें मिस्त्रीची काय असेल? त्या रस्त्यावर बारालाचा व तांगलांग या खिंडी आहेत. तांगलांग ५,३०० मीटरांच्या आसपास आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानें जवळजवळ निम्मा. गाडी तेथें धापा टाकूं लागते, धूर काळा येतो, प्लग काजळतो, आणि स्वार म्हणतो, “ठिणगी कमी पडते.” वस्तुस्थिति याच्या उलट आहे. हवा विरळ झाली म्हणजे ठिणगीला उडी मारणें सोपें जातें. अडचण कार्ब्युरेटरची असते. हवा निम्मी झाली तरी पेट्रोल जवळपास तेवढेंच येत राहतें, मिश्रण दाट होतें आणि प्लग काजळीनें माखतो. त्यावर उपाय म्हणजे लहान जेट, स्वच्छ एअर-फिल्टर आणि खिशांत एक जास्तीचा कोरा प्लग. अशा वेळीं रस्त्यावर बसून टायमिंगला हात लावणारा माणूस उतारावर आल्यावर नवें दुखणें घेऊन घरीं परततो.

वाटेंत बंद पडण्याच्या बाबतींत दोन्ही पद्धतींचे स्वभाव निराळे आहेत. पॉइंट सहसा एकदम दगा देत नाहींत. आधीं गाडी मिस मारते, किका वाढतात, टिकल्यांवर निळी ठिणगी नाचूं लागते. ती दिसली कीं कंडेन्सर गेला असें समजावें. पॉलिश पेपरचा तुकडा, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक व्हिजिटिंग कार्ड एवढ्यावर काम भागतें, कारण चांगल्या कार्डाची जाडी बहुधा ०.३५ मिलिमीटरच्या जवळपास असते आणि फीलर गेज नसल्यास तेंच फटींत सरकवून पाहतां येतें. इलेक्ट्रॉनिक डबी वर्षानुवर्षें तक्रार करीत नाहीं, आणि जाते तेव्हां एका क्षणांत जाते. आमच्या आप्तांपैकीं एकाची बुलेट पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं ताम्हिणी घाटांत अशीच थांबली. दिवे चालू, हॉर्न चालू, ठिणगी मात्र नाहीं. गाडी टेंपोंत घालून पुण्यास आणावी लागली. दुसऱ्या दिवशीं पाहतां डबी निर्दोष निघाली. सांगाड्याला जोडलेली तार वरच्या आवरणाच्या आंत तुटली होती. तार बदलण्याचें काम दहा मिनिटांचें होतें, पण डबी सीलबंद असल्यामुळें अंधारांत सर्वांनीं तिच्यावरच संशय घेतला आणि तारेकडे कोणी पाहिलेंच नाहीं. तिच्या जागीं बसणारी पॉइंटांची जुनी पाटी तेव्हां घरीं माळ्यावर होती.

पॉइंटांच्या बाजूनें बोलावें तर आज मोठी अडचण मालाची आहे. मूळ गाडीवर लुकास-टीव्हीएसचें साहित्य येत असे आणि तें वर्षानुवर्षें टिके. आतां पुण्याच्या नाना पेठेंत काय किंवा दिल्लीच्या करोल बागेंत काय, त्याच रंगाच्या पेटींत नकली मालही पुढें येतो. नकली पॉइंटाचा फायबर मऊ असतो व टिकल्या पत्र्यासारख्या पातळ; नकली कंडेन्सर तर कोणत्या दिवशीं तापून बसेल याचा भरंवसा नाहीं. ‘पॉइंट आतां पूर्वींसारखे राहिले नाहींत’ असें जें म्हटलें जातें त्यांत दोष पद्धतीचा नसून पेटींतील मालाचा असतो. तेव्हां खात्रीचा पॉइंट व कंडेन्सर मिळाले तर दोन-तीन जोड घेऊन ठेवावे. आणि ते तसेच न ठेवतां गाडींत लावून शंभर-दोनशें किलोमीटर चालवून, मग काढून डबींत भरावे. जो सुटा भाग एकदांही चालवून पाहिला नाहीं त्याच्या भरंवशावर घाट चढूं नये.

मग काकूंच्या प्रश्नाला उत्तर काय? ज्या घरांत झांकण उघडून फट मोजणारा माणूस आहे, आणि तोच गाडीवर बसून जाणार आहे, त्या घरीं पॉइंट ठेवावे. फार तर ट्रान्झिस्टरची जोड द्यावी. ज्या घरांत तो हात आतां उरला नाहीं, गाडी चालविणाऱ्याला रविवारीं दुसरे उद्योग आहेत आणि प्रवास पुणें-महाबळेश्वर किंवा पुणें-कोल्हापूर एवढाच आहे, तेथें चांगलें इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावें. न सांभाळलेल्या पॉइंटांपेक्षां तें शतपटीनें बरें. पुतणी एकटी जाणार असेल तर संचाबरोबर पॉइंटांची पाटी तिच्या पिशवींत गेलीच पाहिजे, व ती बसविण्यास तिला शिकविलेंच पाहिजे. काका नुसता विरोध करीत बसण्यापेक्षां हें शिकवतील तर बरें.

बसवितांना काय पाहावें तें थोडक्यांत सांगतों. जुन्या कांहीं इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. आपल्या गाडीचें कोणतें आहे हें आधीं पाहावें, नाहींतर किल्ली फिरवितांच डबी जळेल. संचाला कोणती कॉइल चालते हें त्याच्या पत्रकांत असतें. सहा व्होल्टची जुनी कॉइल बारा व्होल्टांवर लावूं नये. प्लगची टोपी रोधक असलेली, बहुधा ५,००० ओहमची, सांगितली असेल तर तीच लावावी, कारण साध्या टोपींतून उठणाऱ्या विद्युत्-लहरी डबीला गोंधळांत पाडतात. सांगाड्यास जाणारी तार नवी व जाड असावी आणि रंग खरडून उघड्या धातूवर कसावी. जुन्या मिस्त्रींची एक संवय मात्र येथें मोडावी लागते. ठिणगी पाहण्यासाठीं ते प्लगची तार काढून हवेंत दूर धरतात. पॉइंटांना त्यानें अपाय होत नसे. इलेक्ट्रॉनिक डबीचा मात्र त्यांत अंत होऊं शकतो. प्लग तारेंत ठेवून इंजिनाच्या धातूला टेंकवून पाहावा.

जुन्या तारा कापून टाकूं नयेत. त्यांच्या टोंकांस चिकटपट्टी लावून त्या तेथेंच गुंडाळून ठेवाव्या व प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी बांधावी. पॉइंटांची पाटी, कॅम, वजनें, कंडेन्सर आणि पान्हे एका फडक्यांत बांधून सीटखालच्या किंवा बाजूच्या पेटींत राहूं द्यावे. आणि निघण्याच्या आधींच्या रविवारीं भर उजेडांत, अंगणांत, संच काढून पॉइंट लावावे, गाडी सुरू करून पाहावी, पुन्हा संच बसवावा. घड्याळ लावून पाहावें. पहिल्या खेपेस दोन तास लागतील; पाऊण तासांत काम होऊं लागेपर्यंत तें पुन्हा पुन्हा करावें, आणि शेवटची खेप पुतण्यानें अगर पुतणीनें एकटीनेंच, काकांनीं खुर्चीवर बसून मुळींच न बोलतां, पार पाडावी.